भट्टीवाल्याच्या घरचा थर्मामीटर

मी एक जुना थर्मामीटर आहे. काचेचा, पोटात पारा असलेला. मित्रांनो, तुमच्यापैकी अनेकांनी मला पाहिलेही नसेल. तुमच्या घरी आता माझा बटणवाला धाकटा भाऊ असतो. तो काम झाले की पीं पीं करून सगळ्यांना बोलावतो. मला ओरडता येत नाही. मला उजेडात धरावे लागते, बोटांत हळूच फिरवावे लागते आणि डोळे बारीक करावे लागतात, तेव्हा कुठे माझी चंदेरी रेघ दिसते. एवढा धीर फार थोड्यांकडे असतो.

स्वभावाने मी घाबरट आहे, हे आधीच सांगून टाकतो. त्यात माझा दोष नाही. घरात आनंद असला की मला कुणी विचारत नाही. कुणाचे डोळे लाल झाले, कुणी जेवणाच्या ताटावरून उठले, कुणाचे अंग चटका बसावा तसे लागले, की मग माझी शोधाशोध होते. कपाटाचा खण उघडला की मी डबीतल्या डबीत अंग चोरतो. आता कोण, आणि किती, हेच दोन प्रश्न माझ्या मनात येतात.

माझा जन्म काचेच्या कारखान्यात झाला. तापलेल्या काचेची नळी ओढून ओढून लांब केली आणि तिच्यात केसाएवढी बारीक वाट ठेवली. खालच्या टोकाला पाऱ्याची छोटी पिशवी बसवली. त्या पिशवीच्या वर कारागिराने माझा गळा जरासा आवळला. त्या अरुंद गळ्यातून पारा वर चढतो, पण आपणहून खाली येत नाही. त्यामुळे मला काखेतून काढल्यावरही आकडा जागच्या जागी राहतो आणि माणसाला तो सावकाश वाचता येतो. मात्र पुढच्या वेळेआधी मला मनगटाने चांगले झटकावे लागते, नाहीतर जुना आकडा तसाच राहतो. नंतर आमच्यावर आकड्यांच्या रेघा उमटल्या आणि एका जाड चष्म्याच्या तपासणाऱ्या बाईंनी आम्हा सगळ्यांना कोमट पाण्यात उभे केले. जे खोटे बोलले ते बाजूच्या पेटीत गेले. मी खरा ठरलो.

औषधांच्या दुकानातून मला एका भट्टीवाल्याने घरी नेले. त्याची बेकरी होती. पुढे दुकान, मध्ये भट्टी, आणि भट्टीच्या भिंतीला पाठ लावून दोन खोल्यांचे घर. त्या घरात बारा महिने पिठाचा आणि भाजलेल्या पावाचा वास. कपाटावर, खिडकीच्या गजांवर, एवढेच काय, माझ्या डबीवरसुद्धा मैद्याचा पातळ थर बसायचा. घरात भट्टीवाला, त्याची बायको, त्याची आई आणि नुकती जन्मलेली मुलगी. मुलीला पुढे सगळे मोठी म्हणू लागले, कारण तिच्या पाठीवर भाऊ झाला. पण ते नंतर.

सुरुवातीची वर्षे माझी मानाची होती. मोठीला दात येताना, तिला गोवर आला तेव्हा, भट्टीवाला स्वतः थंडीतापाने कुडकुडत होता तेव्हा, मीच लागायचो. मोठीची आई मला गार पाण्याने धुवायची, पुसायची आणि डबीत ठेवायची. गरम पाण्याने मला धुतले की माझा पारा भलतीकडे चढतो, हे तिला कुणी सांगावे लागले नाही. ती नुसता आकडा पाहून थांबायची नाही, हा तिचा खरा गुण. एकदा आजी दिवसभर अंथरुणात पडून होती आणि काहीतरी असंबद्ध बोलत होती. मी नव्व्याण्णवच्या जरा पुढे जाऊन थांबलो. भट्टीवाला म्हणाला, एवढ्याशा तापाला काय घाबरायचे. मोठीची आई म्हणाली की आकडा लहान असेल, पण सासूबाई मला ओळखत नाहीत, हे लहान नाही. तिने आजीला दवाखान्यात नेले, तर छातीत चांगलाच कफ भरलेला निघाला. म्हाताऱ्या शरीराला ताप चढवायचीही ताकद उरत नाही, असे तिथले डॉक्टर म्हणाले. मी सांगितलेले खरे होते, पण पुरेसे नव्हते. तेव्हापासून मी स्वतःच्या आकड्यालाही जरा भितो.

मग माझी बदनामी झाली. भट्टीवाल्याला ताप आला होता, एकशेतीन. आकडा पाहून त्याने मला तसेच डबीत टाकले, झटकले नाही. पुढच्या आठवड्यात मोठी शाळेतून आल्यावर नुसती दमून झोपली. तिची आई बाहेर गेलेली. भट्टीवाल्याने मला काढून तिच्या काखेत लावले आणि लगेच वाचले. अर्थातच एकशेतीन! माझा पारा जुन्याच जागी बसलेला, मी तरी काय करणार? त्याच्या तोंडचे पाणी पळाले. तो मुलीला खांद्यावर टाकून पळाला. मळलेले सगळे पीठ फुगून परातीबाहेर आले आणि आंबून गेले. दवाखान्यात मोठी जागी झाली आणि तिने खायला मागितले. डॉक्टर हसले, बाकावर बसलेली माणसेही हसली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात तसे झाले. घरी येऊन त्याने मला खणात फेकले आणि माझे नाव खोटारडा ठेवले.

त्या दिवसापासून घरात माझ्या जागी भट्टीवाल्याचा हात आला.

त्या हाताची गोष्ट सांगायलाच हवी. भट्टी किती तापली हे तो कुठल्याही काट्यावर पाहत नसे. दार उघडायचा, उजवा हात कोपरापर्यंत आत धरायचा, डोळे मिटून मनात काहीतरी मोजायचा आणि सांगायचा, बिस्किटांना ठीक आहे, पावाला अजून थांबा. त्याचा अंदाज कधी चुकला नाही. गल्लीतले दुसरे बेकरीवाले त्याला मानायचे. मग घरात कुणाचे अंग गरम वाटले की आजी म्हणायची, हातच्या कांकणाला आरसा कशाला? त्यालाच हात लावून बघू दे. तो भट्टीवरून यायचा, कपाळाला हात लावायचा आणि निकाल द्यायचा. गंमत म्हणजे त्या वर्षांत त्याच्या मते घरात कुणालाच ताप आला नाही. मी खणात पडून हे ऐकायचो आणि माझा जीव वरखाली व्हायचा. ज्या हाताने भट्टी मोजतो, त्याला तापलेले पोर गारच लागणार, हे कुणाच्या ध्यानातच येत नव्हते.

मग धाकटा जन्मला.

धाकटा जेमतेम दीड महिन्याचा होता. एका दुपारी तो दूध पिईना. दोन घोट घ्यायचा आणि तोंड फिरवायचा. एरवी तो रडून घर डोक्यावर घ्यायचा, आज नुसता कण्हत होता. आजीला वाटले त्याला थंडी वाजते आहे. तिने त्याला दोन दुपट्यांत आणि वर एका गोधडीत गुंडाळले. आईने आत हात घातला तर अंग गरम. तिने नवऱ्याला हाक मारली. पावाचा घाणा नुकताच बाहेर काढून तो घामाघूम होऊन आत आला. हात बाळाच्या कपाळावर ठेवला आणि म्हणाला, "गार आहे. उगाच घाबरतेस."

आजी म्हणाली, बघ, मी काय सांगत होते.

मित्रांनो, मी खणात होतो. मला काहीच करता येत नव्हते. घरात कुणालातरी भीती वाटते आहे आणि ती भीती खोटी ठरवली जाते आहे, हे ऐकत पडून राहण्यासारखे दुःख नाही. मी मनातल्या मनात म्हणत होतो, खण उघड, बाई, खण उघड. मला शिव्या दे, खोटारडा म्हण, पण एकदा विचार.

खण उघडला. तिने मला डबीतून काढले, गार पाण्याने धुतले आणि मनगटाने चांगले झटकले, इतके की माझा पारा तळाशी गेला. मग तिने गोधडी आणि वरचे दुपटे काढले, बाळाला पातळ झबल्यावर ठेवले आणि थोडी थांबली. घट्ट गुंडाळलेले बाळ वरून उगाच तापते, ते तिला ठाऊक होते. त्यानंतर तिने मला त्याच्या काखेत ठेवले आणि त्याचा इवलासा हात छातीशी धरून बसली.

काखेत गेल्यागेल्या माझा पारा निघाला. अठ्ठ्याण्णव गेले. नव्व्याण्णव गेले. मला चढायचे नव्हते. आयुष्यात पहिल्यांदा मला खोटे बोलावेसे वाटले. पण पाऱ्याला मन नसते. शंभर ओलांडून मी एकशेएकला पोचलो आणि तिथे थांबलो. त्या चिमुकल्या छातीचा भाता माझ्या काचेला लागत होता. तो फार भरभर चालला होता.

तिने मला खिडकीशी नेऊन वाचले. तिचा चेहरा उतरला. "एकशेएक आहे," ती म्हणाली.

भट्टीवाला म्हणाला, "तो खोटारडा आहे. मागे माझी काय शोभा केली होती, आठवते ना?" आजी म्हणाली, ताप असलाच तर मोठीच्या औषधाचे दोन थेंब दे, संध्याकाळपर्यंत उतरेल. बाटली शेल्फावर होतीच. आईने ती हातात घेतलीसुद्धा. मग तिने बाटली परत ठेवली. लस द्यायला नेले तेव्हा तिथल्या नर्सबाईंनी तिला बजावले होते की तीन महिन्यांच्या आतले बाळ तापले तर घरी औषध देत बसायचे नाही, तसेच उठून दवाखाना गाठायचा. एवढ्या लहान जिवाला दुसरे काही सांगता येत नाही, ताप हेच त्याचे सांगणे.

पण भट्टीवाला दारात उभा होता, आणि घरातला शेवटचा शब्द त्याच्या हाताचा होता. ती भांडली नाही. तिने चुलीवर उकळत असलेला चहा पेल्यात ओतला आणि त्याच्यापुढे धरला.

"अहो, हा पेला धरा. किती गरम आहे सांगा."

त्याने पेला मुठीत घेतला. "कोमट आहे. का?"

"मग एक घोट घ्या."

त्याने घोट घेतला आणि त्याची जीभ पोळली. त्याने पेला खाली ठेवला. त्यातून वाफ निघत होती. त्याने आपल्या उजव्या तळव्याकडे पाहिले, मग बाळाकडे. मग त्याने गळ्यातला पंचा खुंटीला टांगला, दुकानाचे दार ओढून घेतले आणि म्हणाला, "चल." आजीही मागोमाग निघाली.

मला तिने घाईत पिशवीच्या कप्प्यात टाकले, म्हणून पुढचे मला माहीत आहे.

मुलांच्या डॉक्टरीणबाई शांत होत्या. त्यांनी बाळाचे सगळे कपडे काढले, श्वास मोजला, टाळू दाबून पाहिली, आणि लघवी शेवटची कधी झाली ते विचारले. सकाळपासून लंगोट कोरडाच होता, हे आईला तेव्हा जाणवले. बाईंनी त्यांच्या थर्मामीटरने ताप पाहिला. माझ्याएवढाच निघाला. मला जराही आनंद झाला नाही. त्यांनी बाळाला दवाखान्यात ठेवून घेतले, रक्त आणि लघवी तपासायला पाठवली, आणि निकालाची वाट न पाहता शिरेतून औषध सुरू केले. लघवीच्या वाटेत जंतू होते आणि ते रक्तात पसरू लागले होते. औषधाचे थेंब दिले होते का, असे त्यांनी विचारले. नाही म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "बरं केलंत. ताप तात्पुरता उतरला असता, तुम्ही निश्चिंत झाला असता, आणि जंतू आपलं काम करत राहिले असते."

ते ऐकून आजी खालीच बसली. तिला कुणी बोलले नाही. तिच्या काळात तिने तसेच करून चार पोरे वाढवली होती.

त्या दिवसांची काळजी मी शब्दांत सांगू शकत नाही. नर्सबाई वेळोवेळी बाळाचा ताप पाहायच्या, तरी आईला चैन पडायचे नाही. ती पिशवीतून मला काढायची आणि स्वतः बघायची. नर्सबाई हसायच्या, पण बघू द्यायच्या. एकदा मी शंभराच्या खाली आलो आणि तिच्या जिवात जीव आला, तर पुढच्याच खेपेला पुन्हा वर गेलो. तिने मला उलटसुलट करून पाहिले, पुन्हा झटकले, पुन्हा लावले. तोच आकडा. डॉक्टरीणबाईंनी समजावले की औषधाला थोडा वेळ द्या, आकड्यामागे धावू नका, बाळ पितं कसं आणि बघतं कसं ते पाहा. त्या रात्रभर बाळ नीट प्यायले नाही. दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर ते प्यायले, चांगले चटचट आवाज करत. मी अजून शंभरावरच होतो, पण त्याची आई रडली आणि हसलीसुद्धा. मग हळूहळू मीही उतरलो आणि उतरलेलाच राहिलो.

भट्टीवाला रोज दुकान बंद करून यायचा. खाटेच्या पायथ्याशी उभा राहायचा, दोन्ही हात खिशात. बोलायचा ते मोठीच्या शाळेचे, आजीच्या जेवणाचे. बाळाच्या जवळ जायचा नाही. घरी जायच्या आदल्या संध्याकाळी बाळ किरकिर करत होते. काही दुखत नव्हते, नुसती झोप येत होती. आई दमली होती.

"अहो, हात ठेवा ना जरा त्याच्या डोक्यावर."

"नको," तो म्हणाला. "मला कळत नाही गं ताप. आता ते मला सांगू नकोस."

"मोजायला कोण सांगतंय? नुसता ठेवा. तुमचा हात आहे, त्याला कळेल."

त्याने हात खिशातून काढला. पिठाने भेगाळलेला, जागोजागी जुन्या चटक्यांचे डाग असलेला. बाळाचे सगळे डोके त्या एका तळव्यात मावले. बाळाची किरकिर थांबली. त्याचा श्वास सावकाश चालू लागला आणि ते झोपले. भट्टीवाला तसाच वाकून उभा राहिला, पाठ भरून आली तरी हलला नाही. मी उशाशी माझ्या डबीत होतो. मित्रांनो, खरे सांगतो, मला त्या हाताचा हेवा वाटला. त्या पोराला किती ताप आहे ते मी सांगितले होते, पण त्याला झोपवणे मला सात जन्मांत जमले नसते.

आता मी थकलो आहे. काचेचे आणि पाऱ्याचे दिवस सरले, आणि ते बरेच झाले, कारण मी फुटलो तर माझा पारा विषारी असतो. कधी तुमच्याकडून माझ्यासारखा एखादा फुटला, तर ते चकचकीत मणी खेळायला उचलू नका. लहानांना बाहेर काढा, खिडक्या उघडा आणि मोठ्यांना बोलवा. ते मणी मोरीत लोटू नका आणि झाडूही मारू नका. जाड कागदावर गोळा करून झाकणाच्या बाटलीत घाला आणि दवाखान्यात विचारून द्या.

माझी एवढीच विनंती आहे. घरात कुणी तापले तर अंदाज बांधू नका, मोजा. नुकताच चहा घेतला असेल, आंघोळ झाली असेल तर थोडे थांबून मोजा. आकडा पाहा आणि आकड्यापलीकडचा माणूसही पाहा. तो पितो का, ओळखतो का, श्वास कसा घेतो. अंगावर थर चढवू नका, बर्फाच्या पाण्याने पुसू नका, एकाचे औषध दुसऱ्याला देऊ नका. बाळ अगदी तान्हे असेल तर वाटच पाहू नका.

आणि मोजून झाले, डॉक्टर झाले, औषध झाले, की मला धुवा, डबीत ठेवा आणि विसरा. मग त्या तापलेल्या कपाळावर आपला हात ठेवा. तो गरम असो, गार असो, खरखरीत असो. त्या हाताने काही मोजू नका. नुसता ठेवा.